कसं लागतंय, सांग

इथे उत्तरेत, नेपरव्हिलला जून लागला की दुकानात पीच येतात. दक्षिणेतून ट्रकमध्ये बसून आलेले, खोक्यात ओळीनं मांडलेले, गालांवर लाली घेतलेले, पण हाताला अगदी लाकूड. मी एक उचलते, नाकाशी धरते आणि परत जागेवर ठेवते. शेजारी कार्ट घेऊन उभे असलेले आमचे हे म्हणतात, "घ्यायचेत का सुनंदा, की आजपण नुसतीच ओळखपरेड?" वास येतच नसतो. पण वास येत नाही हे कळायच्या आत नाक टेक्सासला जाऊन आलेलं असतं. सान अँटोनियोच्या उत्तरेला, चुनखडीच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर, फळ्या ठोकून केलेल्या एका टपरीपुढे. तिथे पीचचा वास गाडीच्या बंद काचांमधूनही आत यायचा. आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला तो येत नव्हता.

तो माणूस म्हणजे काका. नात्यातले नव्हेत. तिथे जे कुणी आपल्याआधी आले ते काका आणि त्यांच्या घरातली ती काकू, एवढंच नातं. ह्यांच्या कंपनीनं कारखान्यात मशिनं बसवायला ह्यांना सान अँटोनियोला पाठवलं आणि ह्यांच्या मागून मी गेले. तासगावची, आठवीत शाळा सुटलेली, सांगलीच्या पलीकडे फारशी न गेलेली. मला सगळ्याचीच भीती वाटायची. दाराची बेल वाजली की भीती, फोन वाजला की भीती, फोडणी दिली की छताला लावलेला धुराचा अलार्म ओरडेल म्हणून भीती. एका पाडव्याला कुणाच्या तरी घरी मराठी मंडळी जमली होती. मी भिंतीला टेकून पेपर प्लेट धरून उभी होते. काकू सरळ माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "कुठली गं तू?" तासगावची म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. "म्हणजे बेदाण्यांच्या गावची. चल, आत चल, इथे कशाला पालीसारखी चिकटलीस भिंतीला." तो हात त्यांनी पुढे सोडला नाही. लायसन्सच्या परीक्षेला मी दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा काकू बाहेर बाकावर थर्मास घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या वेळी पास झाले तेव्हा माझ्याआधी त्यांचे डोळे भरले.

काका भूलतज्ज्ञ. चाळीसेक वर्षं त्या गावातल्या लोकांना ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं आणि उठवलं. निवृत्त झाले आणि गळ्याचा आजार निघाला. हिवाळाभर किरणं घेतली. आजार गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. काका म्हणायचे, "आयुष्यभर मी लोकांना भूल दिली. आता माझ्या जिभेला कुणीतरी भूल देऊन गेलंय, आणि उठवायला विसरलंय." ऐकणारे हसायचे. काकू हसायच्या नाहीत. कारण ताटात वाढलेलं तसंच राहायचं. वरणभात म्हणजे ओला कापूस, पोळी म्हणजे पुठ्ठा, असं काका सांगायचे. तक्रार म्हणून नाही, डॉक्टर पेशंटबद्दल सांगतात तसं. वजन उतरत चाललं होतं. खांद्यावरून शर्ट असा पडायचा, जणू खुंटीला टांगलाय.

त्यांच्या डॉक्टरनं पोटात नळी घालायचं सुचवलं होतं. नळीतून पातळ अन्न. काका मला एकदा म्हणाले, "त्या नळीसाठी मी कितीतरी जणांना भूल दिलीय. वाईट काही नाही त्यात, माणूस जगतो. पण मी मला ओळखतो ना. एकदा नळी बसली की मी तोंडानं खायचं सोडून देईन. मग जीभ जागी झाली तरी तिला विचारायला कोण जाणार आहे?"

आता स्पेनचं सांगायला हवं. आजारपणाआधी दोघांनी स्पेनला जायचं ठरवलं होतं. दक्षिणेतल्या सेव्हिल शहरात खोली घेऊन राहायचं आणि रोज सकाळी निघून एकेक गाव बघून, खाऊन, संध्याकाळी परतायचं. हेरेझला वाईनची कोठारं. आरासेनाच्या डोंगरात धुरावर, वाऱ्यावर वाळवलेलं मांस. सानलुकारला समुद्राकाठी कोळंबी. मधल्या पठारावर ऑलिव्हच्या घाण्या. काकू शाकाहारी, पण त्यांना गावं बघायची होती, आणि काकांना खाताना बघायचं होतं. ते सगळं कॅन्सल केलं. मे महिन्यातल्या एका सकाळी काकू मला म्हणाल्या, "सान अँटोनियो कुणी वसवलं? स्पेनच्याच लोकांनी ना? मग हेच आपलं सेव्हिल. दर गुरुवारी निघायचं. माझा मोतीबिंदू झालाय, ह्यांच्या अंगात त्राण नाही. गाडी तू चालवायचीस."

मी म्हटलं, "काकू, हायवेवर मी कधी गेले नाही."

"आम्हीपण हेरेझला कधी गेलो नाही," काकू म्हणाल्या.

तर अशी मी त्या उन्हाळ्यात सेव्हिलच्या आसपासची सगळी गावं बघितली, टेक्सासमध्ये. आजही कुणी स्पेनचे फोटो दाखवायला लागलं की मला मधेच बोलावंसं वाटतं, की हो, हेरेझ मला माहिती आहे, तिथल्या फाटकाशी निवडुंग आहे आणि एक पिवळी कुत्री झोपलेली असते.

पहिल्या गुरुवारी मी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली. बाजूनं ट्रक जायचे तेव्हा गाडी थरथरायची आणि मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू करायची; पाठ नव्हती, त्यामुळे पहिल्याच चार ओळी फिरून फिरून. काका मागे बघून म्हणाले, "सुनंदा, मागचा ट्रकवाला आपल्या नावानं खडे फोडतोय. थोडं पाय दाब." मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "फोडू दे. तू तुझ्या गतीनं चल गं. ह्यांनी नाही का लोकांना थेंबाथेंबानं झोपवलं." मग शहर सरलं. रस्त्याच्या कडेला ओकची बुटकी झाडं, पांढऱ्या दगडाची कुंपणं, उन्हात थिजल्यासारख्या उभ्या गाई. रातकिड्यांसारखा एक किडा तिकडे भर दुपारी ओरडतो, जणू ऊनच तळलं जातंय. आणि मग ती टपरी.

काकूंनी तीन पीच घेतले. झाडावर पिकलेले, हात लावला तरी साल सरकेल असे. आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. काकांनी एक हातात घेतला आणि ते थांबले. मीही माझा हातात धरून थांबले. मोठ्यांनी खाल्ल्याशिवाय आपण तोंड लावायचं नसतं, आणि त्यात ते आजारी. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. रस माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला.

"खा ना," काका म्हणाले.

"तुम्ही आधी, काका."

"मी आधी खाऊन काय करू? मला काही कळणार आहे का? तू खा, आणि कसं लागतंय ते सांग. मग मी खातो."

मी चावा घेतला. अंगावर काटा आला इतका तो गोड होता, आणि गोडाच्या खाली काहीतरी वेगळंच होतं. ते काय ते सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "छान आहे."

"छान ही चव नाही."

"चांगला लागतोय."

"सुनंदा, मी बारशाला आलेलो नाही. चव सांग."

काकू पदराआड हसत होत्या. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मी पुन्हा चावा घेतला, डोळे मिटले आणि तोंडात येईल ते बोलले. की आधी साखर लागते, मग लगेच आंबट, पण चिंचेचं नाही, दह्याचंही नाही, पिकत आलेल्या बोराचं आंबट. सालीपाशी लव आहे ती जिभेला घोंगडीसारखी लागते. आणि वास असा आहे की उन्हात तापलेल्या गुळाच्या ढेपेजवळ कुणीतरी गुलाब ठेवलाय. बोलता बोलता डोळे उघडले तर काका खात होते. डोळे मिटून, हळूहळू, माझं ऐकत. कोय हातात राहीपर्यंत खाल्ला. काकू दुसरीकडेच, रस्त्याकडे बघत होत्या, आणि मला कळलं की त्यांच्याकडे बघू नये.

घरी आल्यावर मला वाटलं, हे मला आजवर कुणी विचारलंच कसं नाही. आमच्याकडे स्वयंपाक चाखायचा नाही अशी रीत. देवाला दाखवायच्या आधी उष्टं व्हायला नको म्हणून. आई म्हणायची, मीठ वासावर कळतं, उकळीच्या आवाजावर कळतं. आणि खरंच कळायचं. आधी देव, मग पुरुष, मग पोरं, मग पाव्हणे. आपण शेवटी बसायचं तेव्हा जे उरेल ते गिळायचं आणि भांड्यांना लागायचं. विचारायचं आपणच, "कसं झालंय?" आणि उत्तर दुसऱ्यांनी द्यायचं. आई सीझनला बेदाणा निवडायला जायची, मीही शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर जाऊ लागले. दिवसभर हात बेदाण्यात, अंगाला, केसांना त्याचा वास, आणि तोंडात एक नाही. कुणी मनाई केली होती म्हणून नाही म्हणत मी. तोंडात टाकावा असं मनातच यायचं नाही. हात कामाला होते, जीभ नव्हती. आता बापाच्या वयाचा, शिकलेला माणूस मला म्हणत होता की आधी तू खा. मला ते जड गेलं. आणि खोटं कशाला बोलू, गोडही वाटलं.

हेरेझ म्हणजे त्याच रस्त्यावर आणखी पुढे, एका मळ्यात वाईन चाखायला देतात ते ठिकाण. गाडीतून उतरले तर समोर द्राक्षांच्या ओळीच ओळी. मला भडभडून आलं. घर सोडल्यापासून वेल पाहिला नव्हता. धावतच एका वेलापाशी गेले, पानं बाजूला केली, आणि मनात चर्र झालं. घड हाताएवढा, आणि मणी शेंगदाण्याहून लहान. ना विरळणी करून मण्यांना जागा दिलेली, ना मणी फुगलेले. तेवढ्यात मळ्याचा मालक बाहेर आला, पांढऱ्या मिशांचा, उन्हानं तांबूस झालेला म्हातारा. त्यानं हसून हात पुढे केला. मला त्याच्याकडे बघवेना. मी काकांच्या कानात म्हटलं, "काका, बिचाऱ्याची बाग गेली हो. मणी फुगलेच नाहीत. कुणी द्राक्ष घेणार नाही ह्याचं. आपण काही विचारायला नको."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज येईना, घसा कोरडाच असायचा त्यांचा, पण ते हसत होते, बाटलीतलं पाणी पिऊन पुन्हा हसत होते. "अगं, ही खायची द्राक्षं नव्हेत. वाईनची अशीच असतात, बारीक, सालच जास्त." मालकाला त्यांनी इंग्रजीत सगळं सांगितलं. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. पण त्या म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि म्हणाला, माझ्या बागेची काळजी करणारं गेल्या काही वर्षांत तुम्हीच पहिल्या. मग एक घड तोडून माझ्या हातावर ठेवला. अजून पूर्ण पिकला नव्हता. साल चिवट, बी केवढं तरी मोठं, मध्ये एक थेंब रस. काकूंनी नंतर सांगितलं, हिवाळ्यानंतर हे तसे हसले ते त्या दिवशीच.

आत लाकडी काउंटरवर पेल्यांत घोट घोट ओतून ठेवलेले. शेजारी चकचकीत बादली. तोंडात फिरवून त्यात थुंकायचं, म्हणजे चढत नाही. मला गाडी चालवायची होती, म्हणजे थुंकणं आलंच. पण तोंडात घेतलेलं अन्न चारचौघांत थुंकायचं? आणि थुंकलं नाही आणि पोलिसानं अडवलं तर? मी पेला हातात घेऊन तशीच उभी. काकू म्हणाल्या, "चूळ भरतेस असं समज. सकाळी भरत नाहीस का?" त्यावर मी पदर आडवा धरून, भिंतीकडे तोंड करून, वाईनची चूळ भरली. आमच्या घराण्यात हे कुणी केलं नसेल.

"हं," काका म्हणाले. "कसं लागतंय?"

"कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जाड होते ना, तसं. आणि खाली ओल्या लाकडाचा वास."

"वा. पुढे?"

"पुढे मला येत नाही काका. माझ्याकडे शब्द आठवीपर्यंतचेच आहेत."

"चव आठवीनंतर शिकवत नाहीत कुठेच," काका म्हणाले, आणि त्यांनी आपला घोट घेतला.

असे ते गुरुवार गेले. आरासेना म्हणजे डोंगरातलं, जर्मन लोकांनी वसवलेलं गाव, तिथे धुरावर भाजलेलं मांस मिळतं. मी गाय खात नाही म्हणून काकांनी टर्की मागवली. मोठी कोंबडीच ती, असं समजावलं. मी सांगितलं की बाहेरून चुलीतल्या वांग्यासारखी, आतून शनिवारच्या शिळ्या भाकरीसारखी कोरडी, पण धूर मात्र आपल्या परसातलाच. एका गुरुवारी ऑलिव्हच्या शेतावर गेलो. तेलाचा चमचा तोंडात घेतला तर आधी ताज्या गवतासारखं, मग कडवट, मग घशात असा ठसका की मी खोकत बसले. काका म्हणाले, "आता हे मला न सांगता कळलं." कधी लांब जायचं नसेल तेव्हा शहराच्या दक्षिणेला, स्पॅनिश पाद्र्यांनी बांधलेल्या जुन्या दगडी देवळांकडे जायचो. तिथे त्यांनी शेतीसाठी खणलेले पाट आहेत, दगडात बांधलेले, आजही त्यांतून पाणी वाहतं. मी चप्पल काढून पाटात पाय सोडून बसायची. फाटकाशी एक मेक्सिकन बाई आंब्याच्या फोडींवर लिंबू आणि लाल तिखट भुरभुरून द्यायची. तो आंबा खाताना मला चव सांगावीच लागली नाही. मी नुसती सूं सूं करत होते आणि काका ते बघूनच खात होते.

आता ती सवय माझी जात नाही. इथे कुणाकडे जेवायला गेलो आणि बाईनं सहज विचारलं, "भाजी कशी झालीय?" तर मी छान झालीय म्हणून सुटत नाही. मी म्हणते, आधी आमसूल लागतं, मग जिरं, आणि मोहरी थोडी करपली असावी. हे टेबलाखालून माझ्या पायावर पाय देतात. घरी आल्यावर म्हणतात, "अगं, पुढच्या वेळी आपल्याला कुणी बोलावणार नाही." बोलावतात, पण. आणि वाढताना आता आधी मला वाढतात, हे मी ह्यांना दाखवून दिलेलं नाही.

जुलैत ऊन पेटलं तसं काकांचं वजन पुन्हा खाली जायला लागलं. मी सांगत होते तोवर खायचे, पण मी असायची आठवड्यातून एकदा. बाकीच्या दिवशी काकू सांगून बघायच्या. पण काकूंना सांगता यायचं नाही. दोन शब्द बोलल्या की रडू यायचं आणि उठून आत जायच्या. मग काका जे वाढलं ते निमूट समोर ठेवून बसायचे, दोन घास गिळायचे, ताट सारायचे. सानलुकारला, म्हणजे खाडीकाठच्या गावी कोळंबी खायला गेलो, तो प्रवास लांबचा. काका वाटेतच थकले. समुद्रावर वारा होता, पांढऱ्या पक्ष्यांनी आरडाओरडा मांडला होता. टोपलीत वाफाळती कोळंबी आली. मी एक सोलून तोंडात टाकली आणि काकांकडे बघितलं. गळ्यापाशी शिरा दिसत होत्या. मी म्हटलं, "छान आहे."

छान ही चव नाही, असं काका या वेळी म्हणाले नाहीत. त्यांनी टोपली हळूच माझ्याकडे सरकवली.

परत निघताना काकूंनी मला गाडीच्या मागे गाठलं. डिकीत पिशव्या ठेवायचं निमित्त करून म्हणाल्या, "पुढच्या तपासणीला वजन असंच राहिलं तर नळी घालायची ठरलंय. ह्यांनी हो म्हटलंय. हो म्हणाले गं ते." नळीपेक्षा त्यांना त्या होकाराची धास्ती होती. घरापर्यंत मी ट्रकला एकदाही घाबरले नाही. घाबरायला जागाच उरली नव्हती.

मी घरी सराव करायला लागले. तांदूळ कच्चा खाऊन बघितला, नळाचं पाणी आणि बाटलीतलं पाणी डोळे मिटून ओळखलं, हळद, हिंग, कोऱ्या कागदाचा तुकडा, सगळं जिभेवर ठेवून बघितलं. कसं लागतंय ते मोठ्यानं म्हणायचे. ह्यांनी एकदा दारात उभं राहून ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?" मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून हेही कामावरून येताना काहीबाही आणायचे, कधी खारे पिस्ते, कधी कसली तरी कडू पालेभाजी, आणि माझ्यापुढे ठेवून गप्प बसायचे. त्यांच्या परीनं ती मदत होती.

तपासणीच्या आधीचा गुरुवार. काकू म्हणाल्या, "हेरेझला जाऊ." मळ्यात तोडणी चालू होती. ट्रॉल्या भरून ती बारीक, काळी द्राक्षं चालली होती, हवेत आंबूस गोड वास, माश्या घोंघावत होत्या. म्हाताऱ्या मालकानं मला ओळखलं आणि लांबूनच ओरडला, बाग वाचली बरं का. आम्ही आत बसलो. त्यानं गेल्या सालची लाल वाईन दिली. मी पदर आडवा धरला, चूळ भरली, आणि मनापासून सांगायला लागले. की आधी पिकलं जांभूळ, मग चिंचोका भाजताना येतो तसा वास, मग तुरट, इतकं तुरट की गाल आतून ओढले जातात, आणि शेवटी काही नाही, नुसतं कोरडं.

काकांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडातच ठेवला. मग म्हणाले, "शेवटी मिरी आहे."

काकू पेल्याकडे बघायला लागल्या. मी पुन्हा एक घोट घेतला. जांभूळ होतं, चिंचोका होता, तुरट होतं. मिरी मला काही सापडली नाही. तिसऱ्यांदा घेतला. नाही.

"आहे का?" काकूंनी मला विचारलं. हळूच, पण त्यांचा सगळा जीव त्या दोन शब्दांत होता.

मी म्हटलं, "मला नाही लागली काकू. पण मला काय कळतंय एवढं."

परतीच्या वाटेवर काका डोळे मिटून बसले होते. मला एकच गोष्ट कुरतडत होती. हा माणूस आयुष्यभर घाबरलेल्या लोकांच्या उशाशी उभा राहून, काही होणार नाही, दहापासून उलटे आकडे मोजा, असं सांगत आला. दोन घाबरलेल्या बाया समोर दिसल्यावर त्याला मिरी सापडणारच. काकूंच्याही मनात तेच असावं. उतरताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा आपण कुणाचं सांत्वन करताना फिरवतो तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकूंचा नंबर. उचलला तर पलीकडून नुसता श्वास.

"काकू, काय झालं? काका कसे आहेत?"

"जेवायला बसलेत."

"मग?"

"आमटीभात वाढला. एक घास खाल्ला. आणि मला म्हणाले, वसू, आमटीत मीठ नाहीये."

मी भीतभीत विचारलं, "काकू, मीठ घातलं होतं का?"

"नव्हतं गं," काकू म्हणाल्या. "सकाळपासून डोक्यात त्यांची ती मिरी. घालायचं राहूनच गेलं. मला माहीतसुद्धा नव्हतं. तुझ्या काकांनी सांगेपर्यंत मला माहीतच नव्हतं."

मागून काकांचा कोरडा, खरखरीत आवाज आला. "अगं, फोन नंतर कर. मीठ देतेस का? भात गार होतोय."

"देते हो," काकू म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत. फोन त्यांनी कानाशी तसाच धरला असावा, कारण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "इतके महिने काहीही पुढे ठेवलं तरी एक शब्द नाही. आज माझ्या आमटीला नावं ठेवली त्यांनी."

"वसू," मागून पुन्हा हाक आली, या वेळी चांगलीच चिडकी. "घरात मीठ आहे की नाही?"

"ऐकलंस?" काकूंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "हो काकू, ऐकतेय."